हकीकत आठव्या मजल्याच्या ताब्याची

श्री वास्तुपुरुष प्रसन्न. ज्याने जगात पहिली भिंत उभी केली त्यास एक दंडवत, आणि ज्याने ती सरळ आहे की नाही हे ओळंबा सोडून पाहिले त्यास दोन दंडवत करून लिहितो ऐसे जे, शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, वैशाख शुद्ध तृतीयेचे दिवशी, एका राज्यात, राज्याचे नाव पुसू नये, एका वाढत्या शहराचे वेशीबाहेर, जेथे पूर्वी ज्वारी उभी राहत असे तेथे आता इमारती उभ्या राहू लागल्या होत्या, त्यांतील एका इमारतीचे आठव्या मजल्यावर जो प्रसंग जाहला, आणि त्यामागून जे जे घडले, ते कित्येक ऐकिले तैसे आणि कित्येक आपले डोळां पाहिले तैसे लिहिले आहे. पदरचे मीठ चवीपुरतेच घातले.

त्या शहरी राजश्री इंद्रजितराव नलावडे म्हणोन गृहस्थ होते. शाळेत चित्रकला शिकवीत. स्वभाव मऊ, बोलणे हळू, आणि कोणास 'नाही' म्हणावयाचे जाहले तर त्यांस घाम फुटे. त्यांची स्त्री सौभाग्यवती सुमेधाबाई, मोठ्या इस्पितळात सिस्टर. वार्डाचा हवाला घेते समयी आधीची सिस्टर 'सगळे ठीक आहे गं' म्हणाली तरी बाई स्वतः एकेक खाट फिरत, सलाईनची बाटली पाहत, पेशंटास नाव विचारीत, मग सही करीत. याकरिता इस्पितळात त्यांचे मागे त्यांस किल्लेदारीण म्हणत, आणि ते त्यांस ठाऊक होते, आणि त्यांस ते आवडे. घरात तिसऱ्या, इंद्रजितरावांच्या मातुश्री आक्कासाहेब. आक्कासाहेब म्हणजे पूर्वी पायाला भिंगरी. कोठे बारसे, कोठे केळवण, कोठे हळदीकुंकू, आक्का नाहीत ऐसे कार्य त्या पेठेत होत नसे. परंतु गतवर्षी खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया जाहली, वॉकर धरून घरातल्या घरात चालू लागल्या, आणि भाड्याचे घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिना अरुंद, तेव्हा आक्कासाहेब वर अडकल्या त्या अडकल्याच. दिवसभर खिडकीत बसावे, खाली नव्याने येऊ लागलेल्या भाजीवालीशी मोठ्याने बोलावे, दोरीस टोपली बांधून कोथिंबीर वर ओढावी, आणि संध्याकाळी म्हणावे, "आज पेठेत कोण कोण आले गेले ते मला विचारा. नुसते टाळूवरून माणसे ओळखते मी आता." हसून म्हणत, परंतु मागाहून पदराने डोळे पुसत. म्हणोन नवे घर घेण्याचा मनसुबा ठरला तो मुख्यत्वे लिफ्टकरिता. दोघांनी आयुष्याची पुंजी ओतली आणि आठव्या मजल्यावरील जागा मुक्रर केली.

इमारतकर्ते राजश्री अण्णासाहेब डोईफोडे. नाव मोठे, मिशी मोठी, आणि आपले इमारतीस कोणी वावगे बोलिले तर राग त्याहून मोठा. त्यांचे कारभारी रणदिवे. जिभेवर साखर, खिशास पेन. ताब्याची तारीख दोनदा टळली, तेव्हा अण्णासाहेबांनी हुकूम केला की, 'अक्षय्य तृतीया चुकता कामा नये, जाईल त्या मार्गाने काम पुरे करा.' मग कामावर मोठी घाई उडाली. त्या दिवसांत नलावड्यांनी जागा आतून पाहावयास मागितली, तो रणदिवे म्हणाले, "वहिनी, आत्ता नको. काम चालू आहे, डोक्यावर काही पडले तर आम्ही तोंड कोठे दाखवावे? एकदम सजलेले घरच पाहा." मग ते राहिले.

तृतीयेचा दिवस उजाडला. इंद्रजितरावांची थोरली बहीण मालतीताई आरतीचे तबक घेऊन आल्या, मेहुणे आले, गुरुजी आले, पेढे आले, दारास झेंडूचे तोरण लागले. आक्कासाहेब मात्र जुन्या घरीच राहिल्या, कारण ठरले ऐसे की ताबा मिळाला की दुसरे दिवशी त्यांस खुर्चीत बसवून उतरवावे. त्यांनी आपली पिशवी भरून दारापाशी ठेविली होती. सुमेधाबाई आल्या त्या हाती लाल बादली घेऊन आल्या. सर्वांस वाटले, पूजेकरिता असेल. रणदिवे यांनी किल्ली रेशमी रुमालावर ठेवून पुढे केली आणि दुसऱ्या हाताने कागद पुढे केला. कागदावर लिहिले होते की, जागा पाहिली, काम सर्व समाधानकारक आहे, आता काही एक तक्रार राहिली नाही. इंद्रजितरावांनी पेन घेतलेही. इतक्यात बाई म्हणाल्या, "अहो, थांबा. इथे लिहिलंय, जागा पाहिली. आपण कुठे पाहिली अजून?" रणदिवे हसले आणि म्हणाले, "पाहा की, घर तुमचंच आहे." त्यांस वाटले, बाई ओटा पाहतील, कपाट कोठे ठेवावे ते बोलतील आणि परत येतील.

बाई आत गेल्या. पर्समधून नाणे काढिले आणि खाली बसून टाईलांवर टकटक वाजवीत चालल्या. जेथे खालचा माल भरीव होता तेथे आवाज ठोस येई, आणि हॉलचे मधोमध आला तो पोकळ, डब्यावर वाजवावे तैसा. मग मोबाईलचा चार्जर घेऊन प्रत्येक प्लगात लाविला, स्वयंपाकघरातील एक मेलेला निघाला. दारे उघडून मिटून पाहिली, निजावयाच्या खोलीचे दार फरशीस घासून ओरडले. त्याच खोलीत बाथरूमकडील भिंतीस तळहात लाविला तो गार लागला, आणि नवा रंग फोडासारखा फुगला होता. मग बादली भरली आणि बाथरूममध्ये ओतली. सर्वांचे डोळे पाण्यावर. पाण्याने जाळीकडे जावे, तो ते जाळीस पाठ करून दाराकडे आले आणि उंबऱ्यापाशी तळे करून राहिले. शेवटी बाल्कनीत गेल्या आणि कठडा धरून हालविला, तो कठडा हालला. फार नाही, दुखरा दात हालतो तितका. बाईंनी तेथून खाली पाहिले आणि मागे आल्या.

मग त्या बोलिल्या, "रणदिवे साहेब, सही करते. पण या कागदाखाली हे सगळे दोष लिहा आणि कधी दुरुस्त करणार ते लिहा." रणदिवे म्हणाले, "वहिनी, नवं घर आहे, चालायचंच. पाच वर्षांची वॉरंटी आहे आमची. आज सही करा, पूजा उरका, मग मी एकेक करून देतो." बाई म्हणाल्या, "करून देणारच आहात, तर लिहायला काय हरकत?" तेव्हा म्हणाले, "तसा प्रघात नाही. छापील कागद आहे." बाई म्हणाल्या, "तक्रार नाही असं मी लिहून दिलं आणि उद्या तक्रार घेऊन आले, तर तुम्ही मला माझीच सही दाखवाल." गुरुजी घड्याळाकडे पाहून म्हणाले, "मुहूर्त चालला." मालतीताई म्हणाल्या, "वहिनी, शुभ वेळेला कशाला खोडी काढायची? माणसं काय म्हणतील?" आणि इंद्रजितराव बाईंचे कानाशी लागून म्हणाले, "सुमेधा, सगळ्यांसमोर नको गं. घेऊ करून मागाहून. आई पिशवी भरून बसलीय." त्या शब्दाने बाईंचे डोळे भरून आले. परंतु वार्डाची सवय जुनी. त्यांनी रुमालावरील किल्ली तैसीच ठेविली आणि म्हणाल्या, "मग किल्लीही नको," आणि रिकामी बादली उचलून जिन्याने खाली उतरल्या. पेढे गुरुजींनी आणि मेहुण्यांनी खाल्ले. तोरण दारास तैसेच राहिले आणि सुकले.

घरी येऊन आक्कासाहेबांस वर्तमान सांगितले. त्यांनी पिशवी उघडली, एकेक लुगडे काढून पुन्हा कपाटात लाविले आणि खिडकीकडे तोंड करून बसल्या. ते पाहून इंद्रजितरावांचा धीर सुटला आणि ते स्वयंपाकघरात येऊन बोलिले, "तुला तुझ्या हट्टापुढे आई दिसत नाही का?" बाईंनी पोळी तव्यावरच ठेविली आणि म्हणाल्या, "मला आक्काच दिसतात. त्या बाथरूमच्या दारात, पाण्यात घसरून पडलेल्या. अशी माणसं मी रोज वार्डात बघते. तुम्ही नाही बघत." ते खरे होते, आणि खरे म्हणोनच इंद्रजितराव अधिक रागावले. मग त्या घरात कित्येक दिवस अबोला राहिला. चहा होई, डबा भरला जाई, परंतु शब्द मोजून. बाईंचेही मन डळमळे. ड्युटीवर मैत्रिणीस म्हणाल्या, "मी चूक तर नाही ना केली? घरात तिघंही उदास, आणि कारण मी एकटी." मैत्रीण म्हणाली, "घराचा चार्ज घेतलास का?" म्हणाल्या, "नाही." तेव्हा म्हणाली, "मग अजून काही बिघडलं नाही."

एके सकाळी आक्कासाहेबांनी हाक मारिली, "सूनबाई, इकडे ये. ते पाणी कोणत्या बाजूला गेलं म्हणालीस?" बाई म्हणाल्या, "दाराकडे. म्हणजे तुम्ही बाहेर येताना वॉकर टेकवाल, तिथंच." आक्कासाहेबांनी विचार केला आणि बोलिल्या, "मी रागावले होते तुझ्यावर. खोटं कशाला बोलू? पण एकदा पडले ते पुरे झालं बाई. इतकी थांबले, अजून थांबते. तू मात्र त्या डोईफोड्याला सोडू नकोस." आणि लेकास हाक मारून म्हणाल्या, "इंद्र्या, अबोला माझ्या नावावर चालवायचा नाही. चालवायचा तर स्वतःच्या नावावर चालव." इंद्रजितराव खाली मान घालून चहा करावयास गेले आणि तीन कप घेऊन आले. अबोला तेथे मोडला.

त्याच सुमारास दारावर थाप पडली. दार उघडतात तो त्याच इमारतीत सातव्या मजल्यावर, नलावड्यांचे बरोबर खाली, ज्यांनी जागा घेतली होती ते राजश्री सोनटक्के, पेन्शनर, एकटेच राहणारे, रागाने लाल होऊन उभे. म्हणाले, "तृतीयेला तुम्ही वर बादली ओतलीत ना? ती माझ्या बाथरूमच्या छतातून खाली आली. आणि मजूर तिथंच हातपाय धुतात, तेही सगळं माझ्या डोक्यावर!" बाई म्हणाल्या, "काका, आत या, बसा. मग तुम्ही काय केलंत?" तेव्हा सोनटक्के यांचा राग विरला आणि सांगू लागले की, आपण तृतीयेसच ताबा घेतला, सही केली, आणि तक्रार घेऊन गेलो तो रणदिवे यांनी तीच सही पुढे धरिली आणि म्हणाले, आपण समाधान लिहून दिले आहे, आता छताचे काम आपले आपण पाहावे. "फसलो," म्हणाले, "सामानही लावून बसलो."

तेव्हा सुमेधाबाईंनी कपाटातून घराचा करार काढिला. तोच करार सोनटक्के यांचेपाशीही होता, परंतु जाड म्हणोन त्यांनी तो बासनात बांधून देवाशेजारी ठेविला होता. बाईंनी कलम वाचून दाखविले की, ताबा दिल्यापासून पाच वर्षेपर्यंत बांधकामात किंवा कारागिरीत दोष निघाला तर इमारतकर्त्याने आपले खर्चाने तो दुरुस्त करून द्यावा. सोनटक्के म्हणाले, "म्हणजे माझी सही..." बाई म्हणाल्या, "तुमच्या सहीनं हे कलम पुसलं जात नाही. पण सगळंच यात येतं असं नाही हं. आपण भिंत फोडली, नळाचा वायसर झिजला, तर ते आपलं. लिफ्टची, पंपाची वॉरंटी ज्या त्या कंपनीची, ते कागद वेगळे मागून घ्यायचे. छत गळणं मात्र यांचंच." सोनटक्के यांनी आपला चष्मा लाविला, कलम स्वतः वाचले, पुन्हा वाचले, आणि म्हणाले, "चहा चालेल मला."

मग सोनटक्के घरोघर फिरले आणि येत्या रविवारी पार्किंगमध्ये मंडळी जमविली. तेथे दोन पक्ष जाहले. एक पक्ष म्हणे, सरळ सरकारदरबारी तक्रार गुदरावी आणि वकील द्यावा. दुसरा म्हणे, बिल्डरास दुखवू नये, अजून पाण्याचे कनेक्शन त्याचे हाती आहे. बाई म्हणाल्या, "दरबारची वाट उघडीच आहे, ती कुठं जात नाही. आधी त्यांना बोलावू. भांडायला नाही, दाखवायला. घर त्यांनी बांधलंय, त्यांनीही एकदा बघावं." हे सर्वांस मानवले. मग नलावडे उभयतां आणि सोनटक्के ऐसे तिघे अण्णासाहेबांचे कचेरीस गेले.

अण्णासाहेबांनी ऐकून घेतले आणि मिशी फुरफुरली. म्हणाले, "बाई, मी या शहरात अर्ध्या पेठा उभ्या केल्या. माझ्या कामात खोट?" आणि इंद्रजितरावांकडे वळून म्हणाले, "मास्तर, तुम्ही समजूतदार आहात. मॅडमना जरा समजवा. किल्ली घेऊन टाका आजच." सोनटक्के सांगतात की, मास्तरांच्या कपाळावर घाम आला, त्यांनी रुमाल काढिला, घाम पुसला आणि म्हणाले, "नाही." इतकेच. अण्णासाहेबांस तो शब्द अपेक्षित नव्हता, आणि मास्तरांसही नसावा, कारण ते स्वतःच किंचित दचकले. मग धीर करून म्हणाले, "तिला काय समजवू? तिनं पाहिलं, मी पाहिलंच नाही. आपणही पाहिलं नाही. या, पाहू." सुमेधाबाई नवऱ्याकडे पाहतच राहिल्या. अण्णासाहेब ताडकन उठले आणि म्हणाले, "चला, आत्ताच चला. आणि काही निघालं नाही, तर तिथंच सही करायची." बाई म्हणाल्या, "कबूल."

खासा स्वारी इमारतीस आली. मागे रणदिवे, मागे सुपरवायझर, मागे सगळी मंडळी. अण्णासाहेब पायात चकचकीत बूट, तैसेच बाथरूममध्ये शिरले आणि म्हणाले, "आणा बादली." बादली भरून आणिली. ती त्यांनी कोणास न देता आपले हाते ओतली आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. पाणी जाळीपर्यंत गेल्यासारखे करून फिरले आणि अण्णासाहेबांचे बुटांत शिरले. कोणी हसले नाही. सोनटक्के यांनी खोकल्यासारखे केले. अण्णासाहेब बाहेर आले, मोजे पिळिले आणि म्हणाले, "उताराचं काम गचाळ आहे. मान्य. पण कठडा? कठडा माझा लोखंडी आहे," आणि बाल्कनीत जाऊन कठड्यावर पंजाने जोराची थाप मारिली. तो एका बाजूचा पाय फरशीतून उखडून वर आला, सिमेंटचे मोठे ढेकूळ निसटले, आणि अण्णासाहेबांचा तोल पुढे गेला. इंद्रजितराव शेजारीच होते. त्यांनी दोन्ही हातांनी अण्णासाहेबांचे कंबरेस मिठी घातली आणि दोघेही मागे कोसळून बाल्कनीत बसले. ढेकूळ खाली गेले ते पार्किंगच्या पत्र्यावर आदळले. तो आवाज सर्वांनी ऐकिला, आणि खाली मुले खेळत नव्हती म्हणोन ज्याने त्याने मनाशी देवाचे उपकार मानिले.

मग अण्णासाहेब खालीच बसून म्हणाले, "रणदिवे, तुला हे माहीत होतं?" रणदिवे यांची साखर आटली होती. ते म्हणाले, "साहेब, बोल्ट आतपर्यंत न्यायला वेळ नव्हता. वरवर माल भरून घेतला. आपणच म्हणालात, तृतीया चुकता कामा नये." कोणास वाटले, आता अण्णासाहेब त्यांस फाडून खातील. परंतु ते म्हणाले, "म्हणालो होतो. मीच म्हणालो होतो." मग उठले, सुपरवायझरास बोलाविले आणि हुकूम केला की, सर्व मजल्यांचे सर्व कठडे काढावे आणि नव्याने बसवावे, तोवर बाल्कनीची दारे बंद ठेवावी, कोणास तिकडे जाऊ देऊ नये. सोनटक्के पुढे होऊन म्हणाले, "अण्णासाहेब, माझं छत गळतंय, पण मी तर समाधानाची सही करून बसलोय." अण्णासाहेब म्हणाले, "तुमची सही नंतरची. करारावर माझी सही आहे, पाच वर्षांची, ती आधीची." मग रणदिवे यांचे खिशातील पेन घेतले, तो छापील कागद मागविला आणि त्याखाली आपले हाताने दोष लिहू लागले. बाई सांगत गेल्या, ते लिहीत गेले. प्लगपाशी येऊन थांबले आणि म्हणाले, "हाही?" बाई म्हणाल्या, "हाही. माझा मिक्सर तिथंच लागायचा आहे."

येथून पुढे सर्व सुरळीत जाहले ऐसे नाही. बाथरूमची फरशी उखडली, नवी बसविली, बादली ओतली, तो पाणी अर्ध्या वाटेवर थबकले. कारागीर म्हणाला, "ताई, एवढं चालतं सगळीकडे." बाई म्हणाल्या, "चालतं, पण माझी सासू वॉकरवर चालते." पुन्हा उखडली. आषाढ गेला, भाड्याचे घरमालक कुरकुरले, आणि एके दिवशी बाई स्वतःच म्हणाल्या, "कंटाळले हो मी," तेव्हा इंद्रजितराव म्हणाले, "तू बस, आज मी जातो," आणि नाणे घेऊन एकटे गेले, आणि हॉलची प्रत्येक टाईल वाजवून आले. तिसरे खेपेस पाणी जाळीस जाऊन मिळाले. मग जाळीत बोळा कोंबून सबंध बाथरूममध्ये पाणी साठवून ठेविले, आणि खाली सोनटक्के यांनी आपले बाथरूममध्ये खुर्ची टाकली व छताकडे पाहत पेपर वाचीत बसले. दुसरे दिवशी संध्याकाळी त्यांनी वर हाक दिली, "कोरडं! अगदी कोरडं!" ती हाक साऱ्या इमारतीत ऐकू गेली. भिंत वाळली, प्लग जिवंत जाहला, कठडा ऐसा बसला की दोघे पुरुष लटकले तरी हूं की चूं करीना. मग श्रावणात, मुहूर्त न पाहता, इस्पितळातून सुटी मिळाली त्या दिवशी बाईंनी सही केली. आणि ताब्याची तारीख कागदावर स्वच्छ लिहून घेतली, कारण पाच वर्षे तेथून मोजावयाची.

मग आक्कासाहेबांस आणिले. जुन्या पेठेतील शेजाऱ्यांनी खुर्ची उचलली आणि तिन्ही जिने त्यांस खाली उतरविले. आक्कासाहेब वरून हुकूम करीत होत्या, "डावीकडे, अरे डावीकडे, मला भिंतीला घासू नका." रस्त्यावर येताच म्हणाल्या, "थांबवा." भाजीवाली समोर होती. आक्कांनी तिचा चेहरा पाहिला आणि म्हणाल्या, "अगबाई, तू इतकी तरुण आहेस होय? मी आपली टाळू बघून म्हातारी समजत होते." भाजीवालीने त्यांचे दोन्ही हात धरिले आणि उभ्या रस्त्यात रडली, आणि आक्काही रडल्या, आणि रिक्षावाला हॉर्न न वाजविता उभा राहिला. नव्या इमारतीत लिफ्टचे दार उघडले, तो आक्कासाहेब म्हणाल्या, "आधी अगदी वर न्या, मग आठव्यावर आणा. एवढे दिवस थांबले ती नुसती आठ मजल्यांसाठी नाही." तैसे केले. मग घरात आल्या, वॉकर टेकवीत बाथरूमपर्यंत एकट्या गेल्या, सर्वजण दाराबाहेर कान लावून उभे, आणि आतून आवाज आला, "उभे राहू नका तिथं. मला लाज वाटते."

त्या संध्याकाळी सामान लावून जाहल्यावर इंद्रजितराव बाईंस म्हणाले, "त्या दिवशी दारात मला तुझी लाज वाटली होती. आता माझी वाटते." बाई म्हणाल्या, "मीही घाबरले होते हो. लिफ्टही सुचली नाही, जिन्यानंच उतरले. मागून तुम्ही हाक माराल असं वाटत होतं, आणि मारली असतीत तर मी परत आले असते." इंद्रजितराव म्हणाले, "बरं झालं, नाही मारली." आणि दोघेही पुष्कळ दिवसांनी हसले.

पुढील वर्षी हॉलच्या कोपऱ्यात ओलीचा हातभर डाग आला. बाईंनी फोटो काढून लेखी कळविले, आणि त्याच आठवड्यात रणदिवे स्वतः माणूस घेऊन आले, बाहेरची फट बुजविली, भिंत रंगविली, आणि न सांगता स्वयंपाकघराचा प्लगही तपासून गेले. जाताना म्हणाले, "वहिनी, पुढची इमारत चालू आहे. साहेबांनी सांगितलंय, ताबा द्यायच्या आधी आपणच बादली ओतायची." आणि खरोखर ओततात ऐसे ऐकितो. आक्कासाहेबांचे म्हणाल तर मालतीताई परवा त्यांस भेटावयास आल्या, दार वाजविले, तो घरी नाहीत. सातव्यावर पाहिले, सोनटक्के म्हणाले, "आत्ताच इथून गेल्या." खाली बागेत पाहिले, तेथील बायका म्हणाल्या, "तिसऱ्यावर केळवण आहे, तिकडे असतील." तिसऱ्यावर गेल्या, तो कळले की जेवून उठल्या आणि लिफ्टने वर गेल्या. मालतीताई दमून बाकावर बसल्या आणि इंद्रजितरावांस फोन करून म्हणाल्या, "अरे, आई सापडत नाही!" इंद्रजितराव म्हणाले, "ताई, तू चहा घेऊन जा. ती आता कोणालाच सापडत नाही."

येणेप्रमाणे हकीकत जाहली. तात्पर्य ऐसे की, दाराशी तोरण लागले असता आधी आत जाऊन पाहणे हे अपशकुन नव्हे. आणि बांधणाराने दिलेला शब्द, मागणाराने मागितला, म्हणजे पुष्कळ वेळां पाळला जातो. वाचणारांस भरीव फरशी, कोरडे छत आणि ठाम कठडा लाभो. लेखनसीमा.